जाळीतला नीलमोहर

गल्लीत तिला सगळे प्लास्टरताई म्हणत. मोठ्या रस्त्यावरच्या इस्पितळात ती प्लास्टर रूमला होती. डॉक्टरांनी मोडलेलं हाड जागेवर बसवलं की त्यावर पट्ट्या गुंडाळायच्या, आणि हाड जुळून आलं की लहानशा करवतीने ते सगळं कापून हात-पाय मोकळा करायचा, हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. त्यापायी तिला एक खोड जडली होती. काहीही आवळलेलं दिसलं की तिला राहवत नसे. नवऱ्याच्या घड्याळाचा पट्टा असो की शेजारणीच्या बाळाचा मोजा, "बोट जातंय का आत?" म्हणत ती स्वतःच बोट घालून बघायची.

झाडांकडे तिचं लक्ष गेलं ते असंच. एका संध्याकाळी ड्यूटीवरून येताना पिशवीचा बंद तुटला. सांडलेलं सामान गोळा करायला ती फुटपाथवर वाकली आणि समोरच्या बुंध्यात तिला तार दिसली. कधीकाळी कुणीतरी तिथे जाहिरातीचा फलक बांधला असणार. फलक केव्हाच गेला, तार राहिली, आणि झाड तिच्या दोन्ही बाजूंनी सुजत गेलं. तिने सवयीने बोट घालून पाहिलं. नखसुद्धा शिरेना.

दुसऱ्या दिवशी ती पक्कड घेऊन आली. तार सरळ निघेना, तुकड्यातुकड्याने काढावी लागली. पण त्यानंतर तिची नजरच बदलली. इतकी वर्षं ज्या गल्लीतून ती मान खाली घालून जात-येत होती, तिथलं एकही झाड धड नव्हतं. कुणाच्या अंगात खिळे, कुणाच्या गळ्यात दिव्यांची जुनी माळ, कुणाच्या पायाशी थेट बुंध्याला भिडलेलं सिमेंट. आणि जवळजवळ प्रत्येकाभोवती लोखंडी जाळी. रोपं लहान असताना त्यांना कुणी मोडू नये म्हणून बसवलेली, आणि मग सगळे विसरून गेलेले.

गल्लीच्या तोंडाशी एका वेल्डरचं दुकान होतं. खिडक्यांचे गज आणि फाटकं करायचा तो. ती त्याच्याकडे गेली.

"ताई, यातल्या निम्म्या जाळ्या माझ्याच हातच्या आहेत," तो म्हणाला. "तेव्हा ही झाडं माझ्या करंगळीएवढी होती. पुढे वाढणार आहेत असं कुणी बोललंच नाही."

"झाड म्हटल्यावर वाढणारच ना?"

"मीही लग्नात बारीकच होतो. कुणाला वाटलं होतं?" पोटावरून हात फिरवत तो म्हणाला, आणि ग्राइंडर उचलून तिच्यामागे निघाला.

पालिकेच्या उद्यान विभागाने 'करा, पण काही झालं तर आमच्याकडे येऊ नका' असं म्हणून होकार दिला. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं कामाला लागले. त्याने गज कापायचे, तिने पहारीने सिमेंट फोडून माती मोकळी करायची. नवरा गॅलरीतून बघत म्हणायचा, "आठवडाभर माणसांचे हातपाय, सुट्टीला झाडांचे. माझी पाठ कधी बघणार?" लोक आधी हसले. मग एकाने नळाची रबरी नळी खाली सोडली, दुसरीने चहा आणून दिला. गल्लीचा अर्धा भाग असा हळूहळू मोकळा झाला, आणि ती दोघं नानांच्या झाडापाशी येऊन थांबली.

नाना बस चालवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अजून रस्ता ओलांडताना ते आधी आरशात पाहावं तशी उजवीकडे मान वळवायचे. बायकोबरोबर ते समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांची एकुलती एक मुलगी कॉलेजात असताना तापाने गेली. आजारपण आठवडाभराचंसुद्धा नव्हतं. ती गेल्यावर नानांनी इमारतीसमोर नीलमोहराचं रोप लावलं, त्याला जाळी केली आणि जाळीवर पितळी पाटी बसवली. पाटीवर तिचं पूर्ण नाव. रोज संध्याकाळी ते एक बुटकं स्टूल घेऊन खाली येत, खिशातून फडकं काढून पाटी पुसत आणि अंधार पडेपर्यंत तिथे बसत. येणारे-जाणारे आवाज खाली करत. स्कूटर लावणारेसुद्धा ती जागा सोडून लावत.

झाड आता जाळीत मावत नव्हतं. गज सालीत रुतले होते. दोन गजांच्या मधून खोड बाहेर फुगून आलं होतं, आणि पाटीच्या एका कडेवरून साल अशी चढली होती की नावाची सुरुवातीची अक्षरं आत गेली होती. नाना उरलेली पुसत.

ती त्यांच्याशी आधी बोलायला गेली. वेल्डरला तिने लांबच थांबवलं.

"नाना, झाडाला जाळी रुततेय. खालचं पाणी वर जायला वाट राहिली नाही. काढावी लागेल."

नानांनी फडक्याची घडी घातली. "बाकीच्यांची काढलीस ना? काढ. हिला हात लावायचा नाही."

"पाटी आपण दुसरीकडे लावू. बाजूला खांब रोवून."

"पाटी जिथे आहे तिथेच राहील."

"नाना, झाड मरेल हो."

ते उठून उभे राहिले. आवाज चढला नाही. "मरणं मला शिकवू नकोस. तुझी पोर जाऊ दे, मग ये माझ्याशी बोलायला."

तिची मुलगी तेव्हा घरी अभ्यास करत बसली होती. नानांच्याही तोंडून शब्द गेला तो गेलाच. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी तोंड फिरवलं. वेल्डर लांबून सगळं ऐकत होता. त्याने वायर गुंडाळली.

त्या दिवसानंतर नानांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तीही दुसऱ्या बाजूच्या फुटपाथवरून जाऊ लागली. तिने उरलेली गल्ली पुरी केली, खिळे उपटले, उन्हाळ्यात लोकांच्या मागे लागून पाणी घालून घेतलं, पण नानांच्या झाडाकडे बघायचं टाळलं. रागावली होती, हे खरं. पण रागापेक्षा भीती जास्त होती. आपण पुन्हा त्यांच्यापुढे उभं राहिलो तर ते पुन्हा तेच बोलतील, अशी.

मग एकदा तिला पडदे शिवायचे निघाले. गल्लीत पडदे, उशांचे अभ्रे, कपड्यांची दुरुस्ती असली कामं नानांची बायकोच करायची. तिला सगळे काकू म्हणत. नाना खाली असतील अशी वेळ साधून ती कापड घेऊन वर गेली.

काकूंनी तिला आतल्या खोलीत नेलं. खिडकीला लागून शिवणाचं यंत्र होतं, भिंतीला एक पलंग, त्यावर शिवून झालेल्या कपड्यांच्या घड्या. काकू कापड मोजू लागल्या आणि ती खिडकीशी गेली. खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर नीलमोहराचा माथा होता.

खालून तिने हे झाड कधी असं पाहिलंच नव्हतं. बहराचे दिवस होते. उजव्या अंगाच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडल्या होत्या. डाव्या अंगाला एक फूल नव्हतं. पानंही विरळ, बारीक, पिवळट. आणि मधला शेंडा पार वाळलेला, करड्या काटक्यांचा झुबका. त्या काटक्यांमधून खाली नानांचं डोकं दिसत होतं. ते पाटी पुसत होते.

"खालून दिसत नाही ते," मागून काकू म्हणाल्या. त्यांनी टेप गळ्यात टाकली होती. "आधी शेंड्याची पानं लहान झाली. मग पुढच्या वर्षी या बाजूला बहर उशिरा आला. मग आलाच नाही. आता ही खालची फांदी पण वाळायला लागलीय बघ."

"तुम्ही रोज बघता?"

"यंत्रावर बसलं की दुसरं काय दिसतं? दोरा ओवताना मान वर केली की हेच." त्यांनी पलंगाकडे पाहिलं. "ही चिमीची खोली. पलंग तिचाच. ती गेल्यावर मी यंत्र इथे आणलं. हे आत येत नाहीत. इतक्या वर्षांत या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलेलं नाही."

"आणि तुम्ही खाली..."

"मी मागच्या दाराने जाते. ती पाटी मला बघवत नाही." काकूंनी कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "ते नाव शाळेच्या दाखल्यावरचं. घरात तिला त्या नावाने कुणी हाक मारली नाही. वाचलं की वाटतं, कुणा परक्याच्या पोरीचं आहे. मला विचारलं नाही त्यांनी. एक दिवस खाली गेले ते रोप लावून, जाळी ठोकूनच वर आले. मी रागावले होते. मग रागावण्यात इतका वेळ गेला की बोलायचं कसं तेच समजेना. पण झाड वाढून खिडकीशी आलं, तसं मला ते..."

नानांनी तिला काय ऐकवलं होतं, ते काकूंना ठाऊक होतं. गल्लीत कुठली गोष्ट लपते?

"त्यांचं अंगाला लावून घेऊ नकोस," काकू म्हणाल्या. "तू सांगितलंस ते खरं आहे. मला ते तुझ्याआधीपासून माहीत होतं. मी गप्प बसले."

असं म्हणून त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि हाक मारली, "अहो! वर या जरा!"

खाली नाना दचकले. काकूंनी खिडकीतून त्यांना हाक मारली, असं बहुधा कित्येक वर्षांत घडलं नसावं. स्टूल तिथेच टाकून ते धावत आले. जिन्यावर त्यांचा श्वास ऐकू येत होता. उंबऱ्यापाशी येऊन मात्र ते थांबले. एक हात चौकटीवर, डोळे पलंगावर.

"काय झालं? पडलीस का?"

"काही नाही झालं. आत या."

"काय ते इथूनच सांग."

"सांगून कळायचं नाही. बघायला लागेल."

नाना उभेच. प्लास्टरताईला वाटलं, आपण इथून निघून जावं, पण दारात तेच होते. शेवटी काकू गेल्या, त्यांनी नवऱ्याचा मनगटाशी हात धरला आणि त्यांना आत आणलं. पलंगाच्या कडेने, यंत्राच्या कडेने, खिडकीपर्यंत.

नानांनी बाहेर पाहिलं. एक पाखरू वाळल्या शेंड्यावर येऊन बसलं, उडून गेलं.

"हे आपलं झाड?" त्यांनी विचारलं.

"आपलंच."

"कधीपासून असं?"

"झाली तीन-चार वर्षं."

"बोलली नाहीस."

"तुम्ही खाली तिच्याशी बोलत बसायचात. मी मधे कशी येऊ?"

नाना काकूंकडे वळले. "मी बोलत नाही तिच्याशी. मला काही बोलायला सुचत नाही. मी नुसता बसतो." मग एकदम चिडून म्हणाले, "आणि ती पाटी गेली तर काय राहिलं तिचं? सांग ना. काय राहिलं?"

उत्तराला नाना थांबले नाहीत. प्लास्टरताईकडे न बघता ते खोलीबाहेर गेले. स्टूल आणायला मात्र खाली गेले नाहीत. ते स्टूल तिनेच घरी जाताना उचलून जिन्याशी ठेवलं.

पुढचे काही दिवस नाना संध्याकाळी दिसले नाहीत. पाटीवर धूळ बसली. मग एका सकाळी ती ड्यूटीला निघाली तेव्हा वेल्डर दुकानाबाहेर तिची वाट बघत होता.

"नाना येऊन गेले," तो म्हणाला. "म्हणाले, काप. पण ताईला उभं कर, तिच्याशिवाय हात लावू नकोस. मी म्हटलं, नाना, ताई इस्पितळातून येते, आपलं दोघांचं काही कापलं गेलं तर सोयच आहे." आणि मग हसू आवरून म्हणाला, "त्यांना झोप नाही ताई. डोळे बघवत नव्हते."

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी काम सुरू केलं. लोखंड तापून साल भाजू नये म्हणून तिने गोणपाटं भिजवून खोडाला गुंडाळली होती, आणि एक बादली पाणी जवळ ठेवलं होतं. वेल्डर थोडं कापायचा, थांबायचा, ती पाणी ओतायची. वरची गोल पट्टी सुटली. बाहेरच्या बाजूचे गज एकेक करून निघाले. जे पार आत गेले होते त्यांची फक्त बाहेरची टोकं कापली. ते ओढले असते तर त्यांच्याबरोबर साल आली असती. नाना इमारतीच्या पायरीवर उभे होते. ग्राइंडर ओरडला की ते डोळे मिटायचे.

पाटी शेवटी राहिली. तिचा निम्मा भाग झाडात होता. वेल्डरने पक्कड लावून हलवून पाहिलं, तशी सालीतून ओल झिरपली.

"ओढली तर निघेल," तो म्हणाला. "पण झाडाला मोठी जखम होईल. नाहीतर इथून उभी कापतो. अर्धी आत राहील."

दोघांनी नानांकडे पाहिलं. नाना पुढे आले. त्यांनी पाटीवरून अंगठा फिरवला, जिथे अक्षरं सालीखाली जात होती तिथपर्यंत.

"आत आहे ते आत राहू दे," ते म्हणाले. "बाहेरचं काप."

ठिणग्या उडाल्या आणि तुकडा त्यांच्या हातात आला. नावाच्या शेवटच्या अक्षरांचा. ते तो धरून तसेच उभे राहिले. हातात काय आहे आणि ते कुठे ठेवायचं, हे त्यांना उमगत नसावं.

तेवढ्यात पुढच्या दारातून काकू आल्या. घरातलेच कपडे, पायात सपाता, गळ्यात टेप तशीच. गल्लीतल्या लोकांनी त्यांना त्या दारातून येताना पाहिल्याला जमाना झाला होता. त्या सरळ झाडापाशी आल्या. गोणपाट बाजूला केल्यावर खोडावर गजांचे उभे चर दिसत होते, खोल, गुळगुळीत, फिकट रंगाचे. काकूंनी एका चरावर बोट ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत आणलं.

"चिमीच्या गालावर उशीचे वळ उठायचे," त्या म्हणाल्या. "सकाळी उठली की. आठवतं?"

नानांच्या तोंडून आवाज निघाला. आधी ते हसले असंच सगळ्यांना वाटलं. मग ते तिथेच, फोडलेल्या सिमेंटच्या ढेकळांवर बसले आणि रडू लागले. काकू त्यांच्या शेजारी बसल्या. वेल्डरने ग्राइंडर उचलला, प्लास्टरताईने बादली, आणि दोघं दुकानाकडे निघून गेले. गजांचे तुकडे वेचायला ते दुपारी परत आले.

झाड वाचलं, असं काही छातीठोक सांगता येत नाही. उद्यान विभागाच्या माणसाने येऊन वाळलेला शेंडा आणि डावीकडच्या दोन फांद्या काढल्या. खोडाला कान लावावा तसं त्याने ठिकठिकाणी टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, "आत किती कुजलंय सांगता येत नाही. जगलं तर बरीच वर्षं जगेल, नाहीतर एखाद्या वादळात आडवं होईल. वाऱ्यात खाली कुणी बसू नका." त्या पावसाळ्यात एक फांदी खरंच पडली. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. नानांनी ती स्वतः करवतीने तोडून बाजूला केली. वर्षअखेरीस कापलेल्या जागांच्या खालून कोंब फुटले, हिरवेगार, पण सगळे उजवीकडेच. झाड एका अंगाला कललेलं दिसायला लागलं. लांबून पाहिलं तर अर्धं झाड कुणीतरी पुसून टाकल्यासारखं.

नाना प्लास्टरताईशी बोलले, पण माफीचं काही बोलले नाहीत. एकदा ती पाणी घालत असताना ते जवळ आले आणि विचारलं, "मुलगी बरी आहे तुझी?" ती म्हणाली, "बरी आहे. परीक्षा चालू आहे." "हां," ते म्हणाले. "जपून राहा म्हणावं." एवढंच. तिने मान हलवली. नळी त्यांच्या हातात दिली आणि पलीकडच्या झाडाची माती उकरायला गेली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ती उशिराची ड्यूटी बदलून घेऊन उजेडातच घरी येत होती. नाना आणि काकू इमारतीच्या पायरीवर बसले होते आणि चक्क भांडत होते.

"सातव्या वर्षी शिकली सायकल," नाना म्हणत होते. "मीच धरली होती मागून."

"सातव्या कशी? सातव्या वर्षी तिचा हात मोडला होता. आठव्या."

"हात मोडला तो सायकलवरूनच पडून!"

"मुळीच नाही. पायऱ्यांवरून उड्या मारताना. तुम्ही बसवर होतात, तुम्हाला काय माहीत? मीच नेलं होतं तिला."

"मग सायकल निळी होती की नव्हती?"

"लाल होती."

"निळी!"

काकूंनी प्लास्टरताईला पाहिलं आणि तिला हाताने बोलावलं. "तू सांग गं यांना काही," त्या म्हणाल्या, जणू तिने ती सायकल पाहिली होती. ती त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली आणि म्हणाली, "मला काय माहीत? तुम्ही सांगा ना. पहिल्यापासून सांगा."

दोघंही एकदमच बोलू लागले.